मिनिटभर जोर, मग मोटर बसते: बॅटरी, ईएससी की आणखी काही?

मिरजेची_घार

नमस्कार मंडळी. डेप्रॉनच्या फोम शीटचं, रेडिओवर उडणारं हाय-विंग (पंख वर बसवलेलं) ट्रेनर विमान बनवलंय. विंग ११०० मिमी, बॅटरीसकट वजन ८५० ग्रॅमच्या आसपास. मोटर २२१२, १००० केव्ही. प्रॉप (पंखा) १०×४.५ इंच. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ३० ॲम्पिअरचा, कॉलेजच्या सिनियरकडून जुना घेतलेला. बॅटरी लिपो (लिथियम पॉलिमर), ३एस म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएच २५सी, रेडिओ (ट्रान्समिटर) फ्लायस्काय एफएस-आय६. शेपूट आखूड ठेवल्यामुळे नाक जड व्हायला लागलं, म्हणून बॅटरी मागे विंगखाली नेली. त्यासाठी बॅटरी ते ईएससी वायर दुकानातूनच वाढवून घेतली, एक्सटी६० कनेक्टर सुद्धा त्यांनीच सोल्डर करून दिलं.

आता दुखणं सांगतो. हातातून सोडलं की झकास चढतं. फुल थ्रॉटलवर मिनिटभर गेलं की आवाज बसतो. मोटर बंद पडत नाही, पण विमान चढायचं थांबतं, नाक वर धरलं तर स्टॉलच्या (पंखांची उचल सुटण्याच्या) तोंडाशी येतं. स्टिक निम्म्यावर आणली की निवांत उडत राहतं. पुन्हा फुल केलं की थोडा वेळ जोर येतो आणि परत तेच. सर्व्हो (शेपटी-पंखाच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम व्यवस्थित. उतरवून लगेच बॅटरीला व्होल्टेज चेकर लावला तर ११.७ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी रिकामी नाही. मित्राची नवी बॅटरी लावून बघितली, तिच्यावरही होतं, फक्त बऱ्याच उशिरा.

मैदानावर जेवढी माणसं तेवढी मतं. दुकानदार म्हणतो मोटर बदला. एक जण म्हणतो ईएससी ४० चा घ्या. अंदाजाने एकेक वस्तू बदलत बसण्याइतका पॉकेटमनी नाही. काय तपासू आणि कुठल्या क्रमाने?

नाशिकचा_पायलट

उडवता कधी? पहाटे असेल तर थंडी बघा. आमच्याकडे निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा चांगल्या लिपोचाही जोर जातो. आम्ही बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात घेऊन फिरतो आणि उडवायच्या आधी दोन मिनिटं काढतो. गार बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, लोड आला की व्होल्टेज कोसळतं.

फोमवाला_ठाणे

आधी फुकटातल्या गोष्टी करून घे. थ्रॉटल कॅलिब्रेशन (ईएससीला स्टिकची वरची-खालची टोकं शिकवणं) केलंयस का? प्रॉप काढून ठेव, ट्रान्समिटर चालू कर, स्टिक फुल वर ने, मग बॅटरी जोड, बीप-बीप झालं की स्टिक खाली. एफएस-आय६ स्टिक वर असताना चालू केला तर कटकट करतो, म्हणून आधी खाली ठेवूनच चालू करायचा. जुना ईएससी आहे म्हणजे तो सिनियरच्या रेडिओवर शिकलेला असणार.

दुसरं, प्रॉप उलटा लागलाय का बघ. आकडे छापलेली बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला हवी. उलटा प्रॉपही फिरतो, वाराही मागेच टाकतो, पण ओढ बरीच कमी. आमच्या मैदानावर दर सीझनला एक तरी असा सापडतो.

मिरजेची_घार

@नाशिकचा_पायलट, दुपारी चार-साडेचारला उडवतो, अंगातून घाम निघत असतो. थंडीचा प्रश्न नाही.

@फोमवाला_ठाणे दादा, कॅलिब्रेशन केलं, प्रॉपही बरोबर आहे. तसंही पहिल्या मिनिटाला जोर पूर्ण असतो ना.

इचलकरंजी_वायंडिंग

"पहिल्या मिनिटाला जोर पूर्ण असतो", हे वाक्य प्रश्नात सगळ्यात वर लिहायला हवं होतं. त्याने अर्धे संशयित आपोआप सुटतात.

माझा धंदा मोटर वायंडिंगचा. यंत्रमागाच्या मोटरी, शेतातले पंप. विमानांचा नाद मुलामुळे लागला. मुलाचा सुटला, माझा राहिला. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की मी आधी विचारतो, "पहिल्यापासून अशी का चालता चालता झाली?" तुझ्या विमानालाही तेच विचारायचं.

पहिल्यापासूनच जोर कमी असेल तर कॅलिब्रेशन, उलटा प्रॉप, रेडिओतले एंड पॉइंट (स्टिकच्या टोकाच्या मर्यादा), नाहीतर चुकीचा प्रॉप. चालू होताना थरथरते, गुरगुरते पण फिरत नाही, तर तीनपैकी एक फेज गेली, मोटरकडची ३.५ मिमीची बुलेट कनेक्टर ओढून बघायची, एखादं सैल किंवा सुटलेलं निघतं. स्टिक झटक्यात वर केल्यावर किंचाळून अडकते, तर ईएससीचा मोटरशी ताल सुटतोय, टायमिंग बघायचं. मोटरबरोबर सर्व्होही मेले, तर बीईसी (ईएससीतला सर्व्होंना ५ व्होल्ट पुरवणारा भाग). तुझं यातलं काहीच नाही. जोर आधी येतो, वेळाने उतरतो, स्टिक खाली घेतली की सावरतो. हा ईएससी स्वतःहून हात आखडता घेतोय. तो असं दोनच कारणांनी करतो: एक तर तापला, नाहीतर त्याला बॅटरीचं व्होल्टेज कमी दिसलं आणि लो-व्होल्टेज कटऑफ लागला. मित्राच्या नव्या बॅटरीवर उशिरा होतं, म्हणून माझा संशय दुसऱ्यावर. तापण्याचं कारण असतं तर बॅटरी बदलून एवढा फरक पडला नसता.

"त्याला दिसलं" हे शब्द मुद्दाम वापरलेत. बॅटरीच्या टोकाला किती आहे ते ईएससीला कळत नाही. त्याच्या स्वतःच्या दोन वायरींवर जे पोचतं तेवढंच त्याला कळतं. मधल्या वाटेत किती सांडलं ते तू उतरवल्यावर चेकर लावून कधीच दिसणार नाही, कारण तेव्हा करंटच वाहत नाही. ११.७ हा आकडा खरा आहे, फक्त बिनकामाचा आहे.

एक गोष्ट पंपवाल्यांना उलटी वाटेल म्हणून सांगतो. शेतातल्या इंडक्शन मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की ती लोड ओढायला ॲम्पिअर जास्त घेते आणि वायंडिंग जाळून बसते. इथे तसं नाही. व्होल्टेज कमी झालं की फेरे कमी होतात, प्रॉपचा भार उतरतो आणि करंटही कमी होतो. म्हणून तुझी मोटर जळत नाहीये, नुसती बसतेय. केव्ही १००० म्हणजे लोड नसताना व्होल्टमागे हजार फेरे. ओढ मात्र फेऱ्यांच्या वर्गाने बदलते. फेरे दहा टक्के उतरले की ओढ वीसेक टक्के गेली. ८५० ग्रॅमच्या विमानाला ते लगेच जाणवतं.

तेव्हा लोड देऊन मोजायचं. प्रॉप काढून मोजू नकोस, ही मोटर मोकळी फिरताना अर्धा ॲम्पिअरच घेते, त्यात दोष दिसणारच नाही. विमानाची शेपूट आणि पोट खाटेच्या पायाला पक्कं बांध. दुसरं कुणीतरी ट्रान्समिटर धरेल, आणि दोघांनीही प्रॉपच्या मागे राहायचं. त्याच्या रेषेत तर अजिबात नाही. १० इंची प्रॉप बोटाला विचारत नाही.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लाव. पहिलं माप बॅटरीच्या बॅलन्स प्लगवर (चार्ज करताना लावतो त्या छोट्या प्लगवर), दोन टोकांच्या पिनांत. सुईसारखे बारीक प्रोब घे आणि एकमेकांना टेकू देऊ नकोस. दुसरं माप ईएससीच्या बोर्डावर, जिथे लाल-काळी वायर येते तिथे. दोन्ही फुल थ्रॉटलवर, सुरुवातीला एकदा आणि आवाज बसतो त्या क्षणी एकदा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत गेलेलं व्होल्टेज.

करंट मोजायला मल्टिमीटरचं १० ॲम्पिअरचं भोक वापरू नकोस, फ्यूज जाईल. दुकानातला साधा टाँग टेस्टरही (क्लॅम्प मीटर) चालत नाही, तो एसीचा असतो, डीसीवर शून्य दाखवून तुलाच वेड्यात काढेल. डीसीचा क्लॅम्प नाहीतर हॉबीवाल्यांचा वॉटमीटर मिळव.

आणि मोटर थांबवल्याबरोबर बॅटरी काढून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून बघ. मीटर नसताना आम्ही निम्मे फॉल्ट असेच काढतो.

पुणे_ग्लायडर

काकांशी सहमत, पण मी तरी मोटरवर ॲम्पिअर बघितल्याशिवाय बोलणार नाही. २२१२/१३टी च्या कागदावर १२ ॲम्पिअर, ६० सेकंद एवढंच लिहिलेलं असतं. ३एस वर १०×४.५ त्याहून जास्तच ओढतो. ३० ॲम्पिअरचा ईएससी आहे म्हणजे मोटरही तेवढी पेलेल असं समजणारे खूप आहेत.

मिरजेची_घार

कॉलेजच्या लॅबमधून डीसी क्लॅम्प मिळाला. बॅटरी पूर्ण चार्ज करून आकडे घेतले.

थ्रॉटल फुल करताच: बॅलन्स प्लगवर ११.४, ईएससीवर १०.८. करंट १५.५ ॲम्पिअर.

मिनिटभराने, आवाज बसायच्या जरा आधी: बॅलन्स प्लगवर १०.९, ईएससीवर ९.९. त्याच्या पुढच्या क्षणी आवाज उतरला आणि ईएससीवरचा आकडा लगेच १०.७ ला गेला.

बोट लावलं. मोटर गरम, पण बोट राहतं. ईएससी कोमट. ईएससीकडच्या एक्सटी६० च्या लाल बाजूला बोट ठेवताच आलं नाही! पिवळं प्लॅस्टिक तिथे तपकिरी झालंय आणि पिन थोडी तिरकी बसलीय. चार्जरने सेलचा रोध २७, २८, ३१ मिलिओहम दाखवला.

इचलकरंजी_वायंडिंग

शाब्बास. आकडे असले की बोलायला बरं वाटतं.

९.९ ला तीनने भाग. ३.३. तुझ्या ईएससीचा कटऑफ सेलमागे ३.३ वर, म्हणजे "हाय" वर लावलेला आहे. ईएससीने अगदी त्याच आकड्यावर हात आखडला. तो निर्दोष.

आता हिशोब बघ. बॅटरी स्वतःच्या पोटात व्होल्टभर खातेय: तिन्ही सेल मिळून ८६ मिलिओहम, गुणिले १५.५, म्हणजे १.३ व्होल्ट. वापरलेली २५सी बॅटरी आहे, चालायचंच. पुढे वाटेत सुरुवातीला ०.६ आणि मिनिटभराने १ व्होल्ट. वाटेतला आकडा *वाढला*, तिथे नजर ठेव. तांब्याची धड वायर एका मिनिटात एवढी बदलत नाही. बदलतो तो खराब सांधा. तापला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. एक व्होल्ट गुणिले १५ ॲम्पिअर म्हणजे १५ वॉट. त्यातला बराचसा त्या लाल पिनेच्या कपात जळतोय. छोट्या सोल्डरिंग आयर्नचं टोक विमानात बसवून उडतोयस तू.

वाढवलेली वायर किती जाडीची आहे? आणि सांध्यावरची ती श्रिंक ट्यूब (तापवून आवळलेली नळी) कापून आत काय आहे ते सांग.

मिरजेची_घार

वायरवर १ स्क्वेअर एमएम छापलंय. घरातल्या वायरिंगची असते तसली. ३० सेंटिमीटर वाढवलीय, लाल-काळी दोन्ही.

श्रिंक ट्यूब कापली. हलकं ओढलं तर लाल वायर कपातून जवळजवळ बाहेर आली. वरून सोल्डरचा गोळा चकचकीत दिसत होता, पण आत अर्ध्या तारांना सोल्डर लागलेलंच नाही, त्या काळ्या पडल्यात. मधे तपकिरी फ्लक्सचा थर. गोळा नुसता वर बसवलेला.

इचलकरंजी_वायंडिंग

हे छोट्या आयर्नचं काम. एक्सटी६० चा पितळी कप उष्णता ओढून घेतो, २५ वॉटचं आयर्न वरचं सोल्डर वितळवतं आणि कप थंडच राहतो. निदान ६० वॉटचं आयर्न घे, टोक रुंद. वायरीचं टोक वेगळं भिजवून घे, कप वेगळा भर, मग दोन्ही एकत्र वितळव आणि गार होईपर्यंत हलवू नकोस. जोडीचं दुसरं एक्सटी६० समोरून लावून ठेव, म्हणजे नायलॉन मऊ झालं तरी पिना सरळ राहतील. फक्त त्याला बॅटरी जोडलेली नसावी, हे लिहावं लागतं. सोल्डर ६०/४०, फ्लक्स रोझिनचा. नळवाल्यांचं ॲसिडचं फ्लक्स बिलकुल नको, महिन्याभरात हिरवं होईल. आणि ते तपकिरी कनेक्टर परत वापरायचं नाही, नवं घे.

ती १ स्क्वेअरची वायर काढून टाक. तिच्यात जातात जेमतेम ०.२ व्होल्ट, पण प्रश्न तेवढाच नाही. बॅटरी ते ईएससी अंतर वाढलं की ईएससीच्या आतल्या कपॅसिटरवर ताण येतो, ते तापतात, फुगतात. लांबवायचंच असेल तर ईएससी मागे बॅटरीजवळ ने आणि मोटरकडच्या तीन वायरी लांबव, २ स्क्वेअरच्या घे. त्या बाजूला लांबी सोसते.

कटऑफ "हाय" वरून खाली आणण्याचा मोह होईल. बीप मोजून दोन मिनिटांत होतं. मी आणणार नाही. ३.३ तुझ्या बॅटरीच्या भल्याचं आहे. सांधा तसाच ठेवून कटऑफ खाली ओढला असतास तर विमान चढलं असतं आणि कनेक्टर हवेत वितळलं असतं.

आणि पुणेकरांचं म्हणणं आता ऐक. सांधा सुधारला की ईएससीला पूर्ण व्होल्टेज मिळेल, फेरे वाढतील आणि त्याच प्रॉपवर करंट १५.५ च्या वर जाईल. आजवर खराब सांधा मोटरला वाचवत होता. दुरुस्तीनंतर १०×४.५ वर फुल थ्रॉटल देत राहिलास तर महिन्याभरात मोटर माझ्याकडे येईल. वार्निश जळल्याचा वास मी लांबून ओळखतो.

पुणे_ग्लायडर

९×४.७ लावून बघ. त्याच फेऱ्यांवर एक इंचाने भार साधारण दीडपट फिरतो, म्हणजे करंट ११ च्या आसपास यायला हवा. ट्रेनरला ओढ पुरेल. स्लो-फ्लायचे प्रॉप पातळ असतात, तडा दिसला की फेकून द्यायचे.

फोमवाला_ठाणे

मध्येच एक विचारतो. चार सर्व्हो आहेत ना? ईएससीतला बीईसी लिनियर असेल तर ३एस वर १२ चे ५ करताना उरलेले सात व्होल्ट उष्णतेत जातात. एक ॲम्पिअर घेतला तरी सात वॉट. ईएससी आता विंगखाली बंद जागेत जाणार, तिथे वारा लागतो का? नाकात होता तेव्हा आपोआप गार व्हायचा.

इचलकरंजी_वायंडिंग

बरोबर मुद्दा. पुढे फायरवॉलमध्ये (मोटर बसते त्या पाटीत) हवा आत यायला एक भोक आणि मागे पोटाला त्याहून मोठं भोक बाहेर जायला. मागचं लहान ठेवलं तर हवा आतच कोंडते. ईएससी फोमला चिकटवू नको, वेल्क्रोवर उभा ठेव.

मिरजेची_घार

सगळं केलं. कनेक्टर नवं, आयर्न ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडून ६० वॉटचं आणलं. ईएससी मागे, मोटरच्या वायरी २ स्क्वेअरच्या. पोटाला चौकोनी भोक.

आधी जुन्याच १०×४.५ वर मोजलं, उत्सुकता म्हणून. करंट १६.४! बॅटरीवर ११.३, ईएससीवर ११.२. मोटर मिनिटभरात इतकी तापली की बोट राहिना. लगेच बंद केलं.

मग ९×४.७. करंट ११.१, बॅटरीवर ११.६, ईएससीवर ११.५. दोन मिनिटं फुल ठेवलं, आवाज तसाच. एक्सटी६० गार. मोटर गरम, पण पहिल्यासारखीच, बोट ठेवता येतं.

काल संध्याकाळी उडवलं. चढ आधीच्या पहिल्या मिनिटाइतका उभा नाही, पण तो शेवटपर्यंत टिकतो. लूप होतो, थोडा डाइव्ह घेऊन. दुकानदाराला काळं पडलेलं टोक दाखवलं तर म्हणाला, "चालतं हो तसं." मोटर अजून विकायला तयारच आहे.

आता शेवटचं. २८-३० मिलिओहमची ही बॅटरी टाकून देऊ की चालेल?

इचलकरंजी_वायंडिंग

११ ॲम्पिअरला चालेल. सेल ३.५ च्या खाली जाऊ देऊ नको, अलार्म तिथे लाव. आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ वर ठेव, भरून नाही. तिन्ही सेलचे रोध दर महिन्याला लिहून ठेव. ३१ वाला बाकीच्यांपेक्षा पुढे पळायला लागला की तिला उडवायला वापरायचं बंद, मग ती फक्त बेंचवर.

फुगली तर मात्र दया नाही. घराबाहेर, विटांवर ठेवून गाडीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब लाव, विझेपर्यंत जळू दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघ. मग टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात. घंटागाडीत नाही.